ह्यांना सांगू नका

सरांनी ‘पे’ टाइप केलं आणि पडद्यावर खालच्या पट्टीत तीन शब्द येऊन उभे राहिले. पेपर. पेशीभित्तिका. पेंगतास. सरांना हवा होता फक्त ‘पेपर’. समोर फळ्यावर ‘तुमच्या विषयाचं आणि पहिल्या चाचणी पेपरचं नाव टाइप करा’ असं लिहिलं होतं, आणि कॉम्प्युटर लॅबमध्ये अख्खा शिक्षकवर्ग, कॉलेजने दिलेले लॅपटॉप पुढ्यात घेऊन, पहिलीच्या पोरांसारखा एकेक अक्षर दाबत बसला होता. पेशीभित्तिकेचं एकवेळ ठीक होतं. इतिहासाच्या माणसाला तिचा काही उपयोग नसला तरी ती कुठल्याही जीवशास्त्राच्या पुस्तकात सापडते. पण पेंगतास हा शब्द कुठल्याही पुस्तकात नव्हता, कोशात नव्हता, कोणाच्याच तोंडात नव्हता. जेवणाच्या सुट्टीनंतरचा जो तास, ज्यात वर्ग पेंगतो आणि शिकवणाराही पेंगत पेंगत शिकवतो, त्याला एकच व्यक्ती पेंगतास म्हणायची. ‘आज माझे दोन पेंगतास आहेत’ असं म्हणत ती सकाळी पर्स शोधायची. ती व्यक्ती आता घरी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होती, आणि गेल्या दीड वर्षात तिच्या तोंडून एक शब्द सोडला तर दुसरा शब्द निघाला नव्हता.

 सरांनी इकडे तिकडे पाहिलं. शेजारी भूगोलवाले एका बोटाने ‘भ’ शोधत होते. लॅब सांभाळणारा तंत्रज्ञ रांगांमधून फिरत होता. त्याला सगळे ‘पासवर्ड’ म्हणत, कारण कोणाचाही पासवर्ड हरवला की त्याच्याच दारात जावं लागे. तो वाकून म्हणाला, “काय सर, अडलं का?”

“हा लॅपटॉप आधी कोणाकडे होता?”

“स्टॉकमधला आहे सर. जुना म्हणू नका, अनुभवी म्हणा.” पासवर्ड स्वतःच्याच विनोदावर हसला. “सायन्सवाल्यांना आधी दिले होते ना, त्यातले परत आलेले आहेत काही. पण काळजी नको. सगळं पुसून दिलंय. कोरं करकरीत.”

“मग हे शब्द कुठून येतात?”

“ते होय! ते मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. ते शिकतं सर. तुम्ही जे लिहाल ते लक्षात ठेवतं, पुढच्या वेळी आधीच पुढे करतं. आधीच्याचं राहून गेलं असेल. आणा इकडे, एका मिनिटात साफ करतो.” आणि त्याने हात पुढे केला.

“राहू दे.”

“अहो पण सर, तुम्हालाच त्रास...”

“राहू दे म्हटलं ना.”

आवाज काही चढला नव्हता. सरांचा आवाज कधीच चढत नसे. पण पासवर्डने हात मागे घेतला आणि स्वतःही अर्धं पाऊल मागे सरकला. सरांच्या ते लक्षात आलं नाही. आपल्या आलंय, तर सांगून ठेवलेलं बरं. त्या अर्ध्या पावलाकडे त्यांनी नीट पाहिलं असतं, तर पुढचं सगळं जरा लवकर कळलं असतं इतकंच.

बाईंचा, म्हणजे बायकोचा, लॅपटॉप कॉलेजला परत करायला सर स्वतःच गेले होते. चार्जरची वायर त्यांनी नीट गुंडाळून रबर लावला होता, पिशवीच्या कप्प्यातला खडूचा चुरा झटकला होता आणि ऑफिसात सही केली होती. तेव्हा बाई हॉस्पिटलमधून नुकत्याच घरी आल्या होत्या. वनस्पतिशास्त्राच्या बाई, अख्ख्या कॉलेजात सगळ्यात जास्त बोलणाऱ्या. मुळं, खोडं, पानं यांच्याबद्दल सख्ख्या नातेवाइकांबद्दल बोलावं तसं बोलायच्या, आणि एके सकाळी वर्गात ‘तर मुलांनो’ म्हणून थांबल्या त्या थांबल्याच. मेंदूत डाव्या बाजूला रक्ताची गाठ. उजवा हात गेला, भाषा गेली. एक शब्द तेवढा का कोण जाणे मागे राहिला: ‘अहो’. पाणी हवं तरी अहो, पंखा नको तरी अहो, खिडकीबाहेर कावळा बसला तरी अहो. बोलणं शिकवायला येणाऱ्या मुलीने सांगितलं होतं, सवयीचे शब्द कधीकधी राहतात, त्याला अर्थ चिकटवू नका. तरी प्रत्येक अहोला सर ‘काय ग?’ म्हणायचेच. न म्हणून कसं चालेल. आणि आता, सगळे शब्द हरवले असं धरून चालल्यावर, ते इथे निघाले होते. लॅबमधल्या टेबलावर, एका करड्या झाकणाखाली, ओळीने बसलेले.

त्यानंतर सर मोकळा तास मिळाला की स्टाफरूमच्या कोपऱ्यात जाऊन बसू लागले. भूगोलवाले म्हणाले, “काय सर, लॅपटॉप नको नको म्हणत होता, आता खाली ठेवत नाही की!” सर हसले नाहीत. ते एकेक अक्षर टाकून बघत होते. ‘क’ टाकला की कळी, कुंडी, कंटाळा. ‘म’ला मुळं, मावशी, मरगळ. ‘आ’ला आर्शिवाद. इथे सर थबकले. रफार एक घर अलीकडे. हा शब्द बाई जन्मभर असाच लिहीत आल्या होत्या. एकदा भाचीला पाठवायच्या कार्डावर त्यांनी तो लिहिला आणि सरांनी लाल पेनाने दुरुस्त केला. कार्डावरच. मग “असो” म्हणून पेनाला टोपण लावलं. बाईंनी दुसरं कार्ड आणलं, सगळं पुन्हा लिहून काढलं, रफार जागच्या जागी. सरांना वाटलं होतं, शिकली. आणि इथे यंत्राच्या पोटात तो रफार अजून आपल्या चुकीच्या घरात सुखाने नांदत होता. जिथे सर बघणार नाहीत तिथे बाई आपल्याला हवं तसंच लिहीत राहिल्या होत्या. सरांना हसू आलं, आणि हसता हसता आत कुठेतरी काहीतरी रुतलं.

मग एक दिवस पेशीभित्तिका आली नाही. ‘पे’च्या पुढे पेपर, पेटी, पेच. सरांनी दोनतीनदा पुसून पुन्हा टाकलं. नाहीच. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण तह, सनद, उठाव, वसाहत असे शब्द लिहीत गेलो, आणि यंत्र शहाण्या पोरासारखं नव्या मास्तरचं ऐकू लागलं. आपण लिहिला तो प्रत्येक शब्द तिच्या एका शब्दाला ढकलून देतोय.  त्या दिवसापासून सरांनी लॅपटॉपवर लिहिणंच टाकलं. हजेरी फक्त आकड्यांत भरायची, धड्यांचं नियोजन शेजारच्या टेबलावरून दुसऱ्याच्या यंत्रावर. प्राचार्यांनी विचारलं, “सर, तुमचं काही अजून अपलोड दिसत नाही?” सरांनी ताकास तूर लागू दिली नाही. नुसतं अक्षर टाकायचं, शब्द बघायचे, काही न निवडता पुसून टाकायचं. आजाऱ्याच्या खोलीत पावलं न वाजवता फिरावं, तसं ते तिच्या शब्दांमधून फिरत होते.

ते सापडलं तेही चुकूनच. वर्गासाठी एक प्रश्न डोक्यात घोळत होता, हे युद्ध टळलं असतं का, आणि बोटं विसरली. त्यांनी ‘हे’ लिहून मोकळी जागा सोडली. पट्टीत युद्ध आलं नाही. आलं: झोपले. म्हणाले. चिडले.

क्षणभर सरांना अर्थच लागेना. हे झोपले, म्हणजे कोण झोपले? आणि मग तोंडात मारल्यासारखं झालं. हे म्हणजे आपण. बाईंनी सरांचं नाव कधी घेतलं नाही. स्टाफरूममध्ये सगळ्यांसारखं ‘सर’, घरात ‘अहो’, आणि दुसऱ्या कोणाशी बोलताना ‘हे’. ह्यांचं जेवण व्हायचंय. ह्यांना गार चालत नाही. ह्या ‘हे’ नावाच्या माणसाशी सरांची तशी ओळखच नव्हती. असणार कशी? तो शब्दच असा, की ज्याच्याबद्दल आहे तो उठून आत गेला की मग बाहेर काढायचा. इतकी वर्षं हा दुसरा माणूस आपल्याच घरात राहिला, आपल्याच ताटात जेवला, तिच्या फोनवरच्या बोलण्यात, मैत्रिणींना लिहिलेल्या मेलमध्ये वावरला, आणि आपल्याला त्याचा चेहरा माहीत नाही. सरांच्या अंगावर काटा आला. स्टाफरूममध्ये ऊन होतं, पंखा चालू होता, शिपाई कपबशा विसळत होता.

त्यांनी ‘ह्यांना’ लिहिलं.  पट्टी हलली: सांगू. सांगून. गार. त्यांनी सांगूवर बोट ठेवलं. लगेच: नका. त्यांनी नका घेतलं. ह्यांना सांगू नका. आता तिन्ही जागी काय येणार होतं कोण जाणे. आलं ते: उगाच. प्लीज. हं. सरांनी उगाच निवडलं. ह्यांना सांगू नका, उगाच. त्यापुढे काय यावं हे सरांनी मनात आधीच ठरवून टाकलं होतं. काळजी. उगाच काळजी करतील. यायचं तर तेच यायला हवं होतं, दुसरं काय येणार? तीस वर्षं एका छताखाली काढलेली बायको नवऱ्याबद्दल दुसरं काय लिहील? पट्टीत मधोमध, सगळ्यात आधी, जाड अक्षरात आलं: चिडतील. डावीकडे घाबरतील नव्हतं, उजवीकडे काळजी नव्हती. डावीकडे चिडतात होतं आणि उजवीकडे बोलणार. बोलणारवर बोट ठेवलं तर पुढे नाहीत. उगाच बोलणार नाहीत. मग दिवसभर.

सरांनी झाकण मिटलं. हे खोटं आहे, ते स्वतःशीच म्हणाले. यंत्राला काय कळतं. आपण चिडतो? आपण? शेजाऱ्यांच्या भिंतीतून काय काय ऐकू यायचं, भांडी, शिव्या, एकदा तर काच फुटलेली. आणि आपल्या घरातून कधी कोणाला चढा आवाज आला असेल तर शपथ. हात उगारणं तर सोडाच. बाईंनी स्कूटर गेटवर घासली होती तेव्हा काय म्हणालो आपण? “असो” म्हणालो. नुसतं असो. नंतर काही बोललोच नाही त्याबद्दल. त्याबद्दल म्हणजे, कशाबद्दलच बोललो नाही काही दिवस. बोलण्यासारखं नव्हतं. पेपर वाचत होतो. बाई स्वयंपाकघरात भांडी अगदी हळू ठेवत होत्या, एकावर एक, आवाज न होऊ देता, आणि मुलगी आपल्या खोलीतून मोजे घालून ये-जा करायची. किती शांत घर आहे आपलं, असं सरांना तेव्हा वाटलं होतं. त्या शांततेत त्यांनी दोन लेख लिहून काढले होते. मुलगी आता दूर असते, पण फोनवर काही वेगळं सांगायचं असलं की सुरुवात एकच. बाबा, आधी चिडणार नाही म्हणा. नोकरी सोडली तेव्हा, घर बदललं तेव्हा, परवा फक्त फोन नंबर बदलला तेव्हासुद्धा. सरांना ती तिची बोलायची लकब वाटायची. लाडाने म्हणते, असं वाटायचं.

पण मग काय सांगू नका? कोणाला सांगत होती ती, आणि काय? हा प्रश्न सरांच्या मानगुटीवर बसला तो उतरेना. वर्गात कुठल्याशा तहाची कलमं सांगता सांगता ते मध्येच थांबले, आणि पहिल्या बाकावरची मुलगी चटकन वहीत डोकं घालून बसली. सरांनी वर्गाकडे पाहिलं. सगळ्यांची डोकी खाली होती. कोणी काही केलं नव्हतं. सर फक्त थांबले होते. “काय झालं?” सर म्हणाले. कोणी वर बघेना. हीही त्यालाच ओळखते, अख्खा वर्ग ओळखतो, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं, आणि तो ‘हे’ आपल्याच जागी, आपल्याच बुटांत फळ्यापाशी उभा आहे असं वाटून त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

बाईंची कॉलेजातली मैत्रीण म्हणजे लायब्ररीच्या ताई. दुपारी लायब्ररी रिकामी होती. ताई पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवत बसल्या होत्या. सर समोरच्या खुर्चीत बसले आणि सरळच म्हणाले, “ताई, ती तुम्हाला लिहायची का? मला सांगू नका म्हणून?”

ताईंचा हात थांबला. “कोण म्हणालं तुम्हाला?”

“तीच म्हणाली.”

ताईंनी चमकून पाहिलं. मग डिंकाची बाटली बंद केली. “सर, आता कशाला उकरून काढताय? व्हायचं ते होऊन गेलं.”

“काय सांगायचं नव्हतं मला?”

“चिडू नका हं,” ताई म्हणाल्या, आणि म्हणताच ओठ चावला. “तिच्या हाताला मुंग्या यायच्या. त्याआधी बरेच दिवस. खडू गळून पडायचा. एकदा जिना उतरताना ओठ जड झाला म्हणाली, शब्द फुटेना. मी म्हटलं चल, आत्ता चल डॉक्टरकडे, नाहीतर मी सरांना सांगते. तर माझा हात धरून म्हणाली, मग मेलमध्येही तेच, ह्यांना सांगू नका. परीक्षा संपू दे. उगाच चिडतील.”

“मी चिडलो असतो? ती आजारी आहे म्हणून?”

“मला नाही माहीत हो सर.”

“मी ओरडलोय का कधी तिच्यावर? तुम्ही सांगा. एकदा तरी?”

“नाही ना ओरडलात.” ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याचा त्यांना रागही आला होता. “ओरडला असता तर बरं झालं असतं, असं म्हणायची ती. ओरडणारा माणूस गप्प तरी होतो म्हणे. गप्प बसलेल्याचं काय करायचं? त्याआधी दाताचं दुखणं निघालं होतं तिचं, आठवतंय? तुमच्या परिषदेच्या आठवड्यात? तुम्ही असो म्हणालात. मग पंधरा दिवस ती इथे येऊन डबा खायची.”

सरांना आठवत नव्हतं. दात आठवत होता, परिषद आठवत होती, मधला तो शब्द आठवत नव्हता. आपण तो इतक्या वेळा म्हणालो असू की मोजदादच राहिली नाही. ते उठले. ‘बरं’ म्हणायला तोंड उघडलं आणि पुढचा शब्द जिभेवर येऊन बसलेला त्यांना जाणवला, तयार, पट्टीत सगळ्यात पहिला. तो त्यांनी गिळला. ताई मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, टेबलावरचे नंबर उगाच सारखे करत. जाताना सर म्हणाले, “चिडलो नाहीये मी.” ताई म्हणाल्या, “नाही नाही, छे,” आणि ते इतकं घाईने म्हणाल्या की सरांना तिथे उभं राहवेना.

संध्याकाळी घरी आले तेव्हा मावशी निघायच्या तयारीत होत्या. दिवसभर बाईंचं सगळं त्याच करायच्या. “आज जेवल्या नीट,” दारातच त्या म्हणाल्या, “कप तेवढा फुटला एक. माझ्याच हातून फुटला बरं का.” केराच्या डब्यात बाईंचा निळा कप होता, जो त्या डाव्या हाताने स्वतःच धरतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. सर काही बोलले नाहीत. मग आपण काही बोललो नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते घाईने म्हणाले, “फुटू दे हो. कपच तो. फुटू दे.” मावशी त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

बाई खिडकीजवळ होत्या. “अहो,” त्या म्हणाल्या. सर खुर्ची ओढून समोर बसले. पिशवीतून लॅपटॉप काढून मांडीवर उघडला. यंत्र ओळखीचं असूनही बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी आधी सरांच्या तोंडाकडे पाहिलं. हे त्या रोजच करत असणार. दारात पाऊल वाजलं की, हाक मारली की, आधी तोंडाकडे बघायचं, आज कसं आहे ते तपासायचं, आणि मग बाकीचं. आजार नंतरचा, हे आधीचं. इतकी वर्षं हे आपल्यासमोर होत होतं आणि आपण ते प्रेमाने बघणं समजत होतो, असं सरांच्या मनात आलं. त्यांनी ‘ह्यांना’ लिहिलं. पडदा तिच्याकडे वळवला. सांगू. नका. एकेक शब्द दाबत गेले. उगाच. चिडतील. बाईंना किती वाचता येतं हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. बाई पडद्याकडे बघत राहिल्या, मग डावा हात उचलून त्यांनी झाकणावर ठेवला आणि हळूच खाली दाबलं, उघडं राहिलेलं कपाट लोटावं तसं.

“तू मला सांगितलं नाहीस,” सर म्हणाले. “हाताचं. ओठाचं. मी तुला उचलून नेलं असतं ग.”

“अहो,” बाई म्हणाल्या.

बाईंचं हो-नाही तेवढं शाबूत होतं. पण त्याला फार वेळ लागायचा. चहा हवा का, असं विचारलं की प्रश्न आत खोल कुठेतरी जायचा, बाई डोळे मिटायच्या, कपाळावर आठी यायची, आणि कितीतरी वेळाने मान हलायची, कधी अर्धवट, कधी दोन्हीकडे. खिडकी लावू का, मुलीचा फोन देऊ का, दुखतंय का. प्रत्येक उत्तरासाठी बाई घामाघूम व्हायच्या. बोलणं शिकवणारी मुलगी म्हणायची, घाई करू नका, त्यांना शोधू द्या.

सरांनी त्यांचा उजवा हात, तो गेलेला, आपल्या दोन्ही हातांत घेतला. विचारायची भीती वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना ह्या बाईची भीती वाटत होती. “खरं सांग,” ते म्हणाले. “मी तुझ्यावर चिडायचो का ग? तू मला घाबरायचीस?”

बाईंनी मान हलवली. नाही. डोळे मिटले नाहीत, आठी आली नाही, काही शोधावं लागलं नाही. प्रश्न पुरता संपायच्या आत मान डावीकडून उजवीकडे झाली, ठाम, स्वच्छ, दोनदा. ह्या दीड वर्षात कुठल्याच प्रश्नाला त्यांनी इतकं चटकन उत्तर दिलं नव्हतं. आणि मग त्यांनी सरांच्या तोंडाकडे पाहिलं, पटलं का ते बघायला.